सेल्फ हेल्प

चावी फिरवली आणि गाडी फक्त ‘खट्’ म्हणाली? नव्या सेल्फचं बिल फाडण्याआधी दहा मिनिटं तिचं म्हणणं ऐकून तर घ्या!

सोमवार. सकाळचे आठ पस्तीस. दहाला क्लायंटसोबत कॉल, लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर, डबा बाजूच्या सीटवर. तुम्ही चावी फिरवता आणि... काहीच नाही. परत फिरवता. तेच. मग सुरू होतो सोसायटीचा कोरस. वॉचमन म्हणतो, ‘बॅटरी गेली साहेब.’ दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतूनच निदान करतात, ‘सेल्फ गेला, सेल्फ!’ ऑफिसमधला मित्र फोनवर ठामपणे सांगतो, ‘फ्युएल पंप असणार बघ.’ घरात कुणाला ताप आला की शेजारीपाजारी स्वतःचं शेवटचं दुखणं आठवून औषध सुचवतात ना, तसलाच प्रकार. ज्याच्या गाडीचं जे शेवटचं बिघडलं होतं, तेच तुमच्याही गाडीचं बिघडलेलं असतं!

आणि यातली गंमत म्हणजे, गाडीने आपलं दुखणं एव्हाना सांगून टाकलेलं असतं. आवाजातून, दिव्यांमधून. ऐकायला मात्र कुणी थांबलेलं नसतं. तर मंडळी, या आठवड्यात आपण गाडीचं ऐकायला शिकणार आहोत. फंडा एकच: आधी निदान, मग पार्ट. कारण उलटं केलंत, तर पार्ट बदलत राहतात, बिलं येत राहतात आणि गाडी जागच्या जागीच राहते.

<b>आधी एक घोळ निस्तरू</b>

‘गाडी स्टार्ट होत नाही’ हे वाक्य आपण दोन वेगळ्या आजारांसाठी वापरतो. एकात इंजिन ‘कुरर्र कुरर्र कुरर्र’ करत नेहमीच्या वेगाने फिरतं, पण पेट घेत नाही. तिथे सेल्फ बिचारा आपलं काम चोख करतोय. दोष पेट्रोल-डिझेल, स्पार्क, एखादा सेन्सर किंवा इमोबिलायझर यांच्याकडे शोधायचा. दुसऱ्यात इंजिन फिरतच नाही, किंवा फिरल्यासारखं करून बसकण मारतं. याला म्हणायचं ‘क्रँक होत नाही’. आजचा विषय हा दुसरा आजार.

गॅरेजला फोन करताना एवढा एक फरक नीट सांगितलात, तरी समोरच्याचा सूर बदलतो. ‘गाडी बंद पडलीये’ म्हणणारा ग्राहक वेगळा आणि ‘दिवे फुल आहेत, एकदाच खट् आवाज येतो, पण क्रँक होत नाही’ म्हणणारा ग्राहक वेगळा. दुसऱ्याला टोपी घालणं जरा अवघड असतं!

<b>हँडलपासून सेल्फपर्यंत</b>

स्टार्टर मोटरला आपल्याकडे सगळे ‘सेल्फ’ का म्हणतात? कारण त्याआधी गाडी ‘सेल्फ’ सुरू होत नसे, माणसाला सुरू करावी लागे. पुढच्या बंपरजवळच्या भोकातून लोखंडी हँडल आत घालायचं आणि जोर लावून फिरवायचं. जुन्या अ‍ॅम्बेसेडरवाल्या आजोबांना विचारा, ते अभिनय करून दाखवतील. इंजिनाने उलटा झटका दिला तर ते हँडल फिरवणाऱ्याचं मनगट मोडायचं. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने यावर विजेच्या मोटरचा उपाय काढला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो कंपनीकडूनच बसवून येऊ लागला. गाडी चालवायला पैलवान असण्याची अट तिथे संपली. स्त्रियांसाठी गाडी चालवणं सोपं झालं, त्यात या छोट्या मोटरचाही वाटा आहे.

शंभराहून जास्त वर्षं झाली, पण मूळ कल्पना तीच आहे. तुम्ही चावी फिरवता तेव्हा एक बारीकसा करंट चावीच्या स्विचमधून, क्लच किंवा गिअरच्या सेफ्टी स्विचमधून आणि रिलेमधून सेल्फच्या डोक्यावर बसलेल्या सॉलेनॉइडपर्यंत जातो. सॉलेनॉइड हा विजेवर चालणारा लोहचुंबक. तो एका झटक्यात दोन कामं करतो. सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या मोठ्या दातेरी रिंगमध्ये अडकवतो आणि तांब्याचे दोन जाड पॉइंट जोडून बॅटरीचा भरघोस करंट मोटरमध्ये सोडतो. किती भरघोस? छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर अँपिअरच्या पुढे, डिझेलला त्याहून बराच जास्त. इंजिन फिरतं, पेट घेतं, तुम्ही चावी सोडता, चाक मागे येतं. दीड-दोन सेकंदांचा खेळ!

आता या साखळीकडे परत बघा. बॅटरी, तिचे टर्मिनल, जाड केबल, चावी, सेफ्टी स्विच, रिले, सॉलेनॉइड, मोटर आणि इंजिनाकडून बॅटरीकडे परत येणारी अर्थिंगची पट्टी. नऊ कड्या. सेल्फ त्यातल्या फक्त दोन कड्यांचा मालक. मग प्रत्येक वेळी फाशी त्यालाच का?

<b>कान द्या, दिवे बघा</b>

चाचणीसाठी लागणारी साधनं: दोन कान, दोन डोळे. हेडलाइट लावा, शक्यतो समोर भिंत असू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता चावी फिरवा आणि बघा.

<b>टक-टक-टक-टक, मशिनगनसारखं:</b> नव्वद टक्के वेळा असं म्हणायचा मोह होतो, पण आकडे राहू देत. एवढं नक्की की पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा. सॉलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, बॅटरीचा दम सुटतो, सॉलेनॉइड मागे येतो. मोटरचा लोड गेला की बॅटरी पुन्हा डोकं वर काढते आणि परत तेच. दिवेही तालावर लुकलुकतात. बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल मात्र बघाच. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीही असंच वागते.

<b>एकच खट्, आणि दिवे एकदम मान टाकतात:</b> पुन्हा बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल. बॅटरी ठणठणीत असूनही असं होत असेल, तर सेल्फ आतून जाम आहे किंवा इंजिनच फिरायला नकार देतंय. दुसरी शक्यता गंभीर, त्यामुळे जोरजबरदस्ती नको.

<b>एकच खट्, पण दिवे जसेच्या तसे:</b> इथे खरी मजा. बॅटरीत दम आहे, सॉलेनॉइड ओढला गेला, पण मोटरमधून करंटच वाहत नाहीये. वाहत असता, तर दिवे थोडे तरी मंद झाले असते. म्हणजे सॉलेनॉइडचे पॉइंट जळालेत, मोटरमधले कार्बन झिजलेत, किंवा जाड केबल नाहीतर अर्थिंग कुठेतरी तुटलंय. सेल्फवर संशय घ्यायचा तो इथे. पण फक्त संशय, शिक्षा नाही.

<b>पूर्ण शांतता, दिवे मंद किंवा गायब:</b> बॅटरी झोपली. रात्री आतला दिवा चालू राहिला होता का, आठवा.

<b>पूर्ण शांतता, दिवे झगझगीत:</b> चावीचा निरोपच सॉलेनॉइडपर्यंत पोचत नाहीये. क्लच पूर्ण दाबलाय ना? बऱ्याच गाड्यांना क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही आणि कधीकधी पेडलखाली सरकलेली मॅटच आडवी येते! ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ऐवजी ‘एन’मध्ये टाकून बघा. फ्यूज बॉक्समध्ये स्टार्टरच्या रिलेसारखाच, त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर तात्पुरती अदलाबदल करून बघा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर मामला इमोबिलायझरचा.

<b>झुंऽऽऽ असा मोटर फिरल्याचा आवाज, इंजिन मात्र ढिम्म:</b> मोटर जिवंत आहे, पण तिचं चाक इंजिनाला पकडत नाही. गॅरेजच्या भाषेत ‘बेंडिक्स गेला’. हा दोष सेल्फचाच.

<b>खर्रर्र, दात खाल्ल्यासारखा आवाज:</b> दातेरी चाक आणि रिंग एकमेकांत नीट बसत नाहीयेत. हा आवाज रोज येत असेल तर थांबू नका. सेल्फचं चाक बदलणं परवडतं. फ्लायव्हीलची रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

<b>शेवटचा प्रकार, कूंऽऽथ कूंऽऽथ:</b> इंजिन फिरतं, पण सकाळी सातच्या लेक्चरला निघालेल्या कॉलेजकुमारासारखं. बॅटरी, केबल, सेल्फ, तिघंही संशयित. दुसऱ्या चांगल्या बॅटरीवरून जंप देऊनही चाल तशीच राहिली, तर बॅटरी सुटली. उरले दोघे.

<b>मीटर लावा, वाद मिटवा</b>

ज्यांना कानांवर भरवसा नाही त्यांच्यासाठी मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास साधा डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. म्हणजे मल्टिप्लेक्सची एक तिकीट आणि पॉपकॉर्न! त्याचा नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा. अंगठी, ब्रेसलेट, धातूचं घड्याळ काढा, ओढणी आणि केस आवरा. आता चार आकडे घ्यायचे.

पहिला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग बाकीच्या चौकशा. हा आकडा सकाळी, गाडी हलवण्याआधीच घ्या, कारण नुकत्याच चालून आलेल्या गाडीची बॅटरी उगाच फुशारकी मारते.

दुसरा, क्रँक करताना. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही बॅटरीवर मीटर धरा. आकडा साधारण ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी कमकुवत आहे, किंवा सेल्फ आत अडकून अवाच्या सवा करंट खातोय. आकडा १२ च्या वरच राहिला आणि इंजिन हललंच नाही, तर करंट वाहतच नाहीये. म्हणजे रस्ता कुठेतरी बंद आहे.

तिसरा, अर्थिंगचा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. चावी फिरवताना आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. तिथे एक, दोन, पाच व्होल्ट दिसले, तर परतीचा रस्ता खराब आहे. ही चाचणी फुकट आहे, मिनिटभरात होते आणि तरीही सगळ्यात कमी केली जाते.

चौथा, सेल्फच्या तोंडाशी. हा मात्र मेकॅनिकलाच करू द्या, कारण सेल्फ खाली, अडचणीत असतो. बॅटरीची जाड वायर येते त्या टर्मिनलवर आणि चावीची बारीक वायर येते त्या टर्मिनलवर, दोन्हीकडे चावी फिरवताना पुरेसे व्होल्ट आहेत, अर्थिंगही ठीक आहे, आणि तरीही मोटर फिरत नाही. आता मात्र सेल्फ दोषी. पुराव्यासकट!

<b>‘मॅडम, तुमच्यासोबत कुणी आहे का?’</b>

आता एक खरी गोष्ट. माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तीन वर्षांच्या पगारातून बाजूला टाकून तिने सेकंडहँड हॅचबॅक घेतली. घरच्यांचं म्हणणं होतं, एकट्या मुलीला गाडी कशाला, काही झालं तर गॅरेजला कोण जाणार? तिचं उत्तर: मी जाणार.

मागच्या पावसाळ्यानंतर गाडीचा त्रास सुरू झाला. कधी लागायची, कधी नुसतं ‘खट्’. गॅरेजमध्ये मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दोनदा चावी फिरवली आणि सांगितलं, ‘सेल्फ गेला. बॅटरीपण बदलून टाका, परत झंझट नको.’ दोन्ही मिळून अंदाज निघाला साडेबारा हजारांचा. तिने विचारलं, कशावरून सेल्फ? उत्तर आलं, ‘मॅडम, तुमच्यासोबत कुणी आहे का? त्यांना समजावून सांगतो.’

ती चिडली असेल असं तुम्हाला वाटेल. चिडलीच. पण तिचा जॉब आहे टेस्टिंग. बग रिपोर्ट हातात आला की ती आधी विचारते: रिप्रोड्यूस करून दाखव. तिने पैसे भरले नाहीत. गाडी धक्का मारून सुरू करून घेतली आणि ऑफिसमधल्या सगळ्यांना विचारत विचारत एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पोचली. पत्र्याची शेड, भिंतीवर जुन्या आर्मेचरच्या माळा, चष्मा नाकावर घसरलेले काका.

‘काका, सेल्फ बदलायचाय.’

‘कुणी सांगितलं?’

‘गॅरेजवाल्याने.’

‘सेल्फने सांगितलं का?’

काकांनी हेडलाइट लावायला सांगितले. चावी. खट्. दिवे जसेच्या तसे. जंप दिला, बॅटरीला बॅटरी जोडून. तरी खट्. ‘बघा ताई, इथपर्यंत कुणीही म्हणेल सेल्फ गेला,’ काका म्हणाले. मग त्यांनी काळी जंपर केबल घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या धातूला. ‘आता मारा सेल्फ.’ इंजिन पहिल्याच फटक्यात फिरलं.

दोष होता गिअरबॉक्सकडून बॉडीला येणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा. पावसाच्या पाण्या-चिखलात तिचं टोक गंजून पोखरलं होतं. सॉलेनॉइडला लागतो तेवढा बारीक करंट कसाबसा परत यायचा, म्हणून ‘खट्’ व्हायचं. मोटरचा शेकडो अँपिअरचा लोंढा त्या धाग्यातून जाणं शक्यच नव्हतं. दिव्यांचं अर्थिंग बॉडीवर वेगळं, म्हणून दिवे मजेत. काकांनी नवी पट्टी लावली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासली आणि मजुरीसकट चारशे रुपये घेतले.

तिला वाचलेल्या बारा हजारांपेक्षा वेगळ्याच गोष्टीचा आनंद झाला होता. ‘काकांनी प्रत्येक स्टेप मला दाखवली,’ ती म्हणाली. ‘माझ्यासोबत कुणी आहे का, असं एकदाही विचारलं नाही.’ आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. चांगला मेकॅनिक ओळखायची खूण त्याच्या गॅरेजची चकाचक टाइल नव्हे. तुम्ही ‘कशावरून?’ विचारल्यावर तो वैतागतो की मीटर काढतो, ते बघा.

<b>आणि खरंच सेल्फ गेला असेल तर?</b>

जातोच कधीतरी. प्रत्येक स्टार्टला तांब्याच्या पॉइंटवर ठिणगी पडते, कार्बन झिजतात, बुश ढिले होतात. वरून ऑइल गळत असेल किंवा गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर आयुष्य आणखी कमी. सुरुवातीची लक्षणं ओळखीची असतात. तीनदा चावी फिरवल्यावर चौथ्यांदा लागणं. किंवा घाट चढून टपरीवर चहाला थांबलात की गरम गाडी सेल्फ घेत नाही आणि अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते.

सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकायची जुनी युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती चालते, कारण धक्क्याने अडकलेले कार्बन किंवा पॉइंट क्षणभर जागेवर येतात. ठोकल्यावर गाडी लागली तर सेल्फवरचा संशय पक्का होतो. पण तो इलाज नाही, घरी पोचण्यापुरती उसनवारी आहे. ठोका मोटरच्या बॉडीला द्यायचा, वायरिंगच्या टर्मिनलना अजिबात नाही. आणि स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल शॉर्ट करायचा हीरोपणा तर नकोच. गाडी गिअरमध्ये असली तर ती तुमच्या अंगावर येऊ शकते.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? अनेक सेल्फ उघडता येतात. फक्त कार्बन, बुश, सॉलेनॉइड किंवा बेंडिक्स बदलून ते पुन्हा वर्षानुवर्षं चालतात. आर्मेचर जळालं असेल तर मात्र हिशेब करा, तेव्हा नवा किंवा चांगल्या दुकानातला रिकंडिशन्ड स्वस्त पडतो. गॅरेजला तीन प्रश्न विचारा. एक, बॅटरी आणि अर्थिंग तपासलं का, आकडे काय आले? दोन, सेल्फमधलं नेमकं काय गेलंय? तीन, जुना पार्ट मला परत मिळेल ना? तिसऱ्या प्रश्नाने बरेच सेल्फ आपोआप बरे होतात म्हणे!

<b>रस्त्यातच अडकलात तर</b>

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच झटक्यात सोडायचा आणि इंजिन लागताच परत दाबायचा. इंजिन बंद असताना स्टिअरिंग आणि ब्रेक जड लागतात, त्यामुळे उतारावर आणि गर्दीत हा प्रयोग नको. बॅटरी पूर्णच मेली असेल तर आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्या धक्क्यानेही लागत नाहीत. ऑटोमॅटिकला तर धक्का देऊच नका.

जंप देताना क्रम पाठ करा. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ नको. आणि हो, इंजिनाच्या धातूला जोडल्यामुळे तुमची खराब अर्थिंग पट्टीही या जंपमध्ये ओलांडली जाते. त्यामुळे असा जंप दिल्यावर गाडी लागली, म्हणजे बॅटरीच गेली असा निष्कर्ष लगेच काढू नका. काकांची आठवण ठेवा!

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त क्रँक नको, मध्ये मिनिटभर विश्रांती हवी. सेल्फ ही थोडा वेळ प्रचंड मेहनत करणारी मोटर आहे. सलग रगडलीत तर जळते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या दिवशी पाण्यात गेलेल्या गाड्यांचे किस्से मुंबईत अजून सांगितले जातात. पाण्यात बुडालेली गाडी ओसरल्यावर ‘लागते का बघू’ म्हणून चावी फिरवायची नाही, म्हणजे नाहीच. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन पाण्यावर आपटतात आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. शक्य असेल तर बॅटरीचा मायनस काढा आणि टो करून न्या. सेल्फ काही हजारांत येतो, इंजिन नाही.

<b>बटणवाल्यांनो, तुम्हीसुद्धा!</b>

पुश बटणच्या गाड्यांना हे सगळं लागू नाही, असं समजू नका. आत साखळी तीच, फक्त चावीच्या जागी कॉम्प्युटर आहे. बटण दाबून काहीच झालं नाही तर आधी ब्रेकचे लाल दिवे लागतात का बघा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबल्याचा निरोप पोचला नाही तर सेल्फ लागत नाही आणि बिघाड एखाद्या छोट्याशा ब्रेक स्विचचा निघतो. रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट कंपनीने सांगितलेल्या ठिकाणी, बऱ्याच गाड्यांत बटणालाच, टेकवून दाबा. जागा मॅन्युअलमध्ये असते. हो, ग्लोव्ह बॉक्समधल्या त्या न उघडलेल्या पुस्तकात.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांचे सेल्फ आणि बॅटऱ्या त्या कामासाठी खास बनवलेल्या असतात. तिथे स्वस्तातली साधी बॅटरी बसवली तर ती लवकर मान टाकते. इलेक्ट्रिक गाडीवाले आता गालात हसत असतील. सेल्फ नाही, कटकट नाही! पण त्यांच्याकडेही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच आणि ती झोपली की एवढी मोठी बॅटरी फुल असूनही गाडी जागी होत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हा धडा सगळ्यांनाच दिला. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास फिरवून आणावी. तिलाही बरं वाटेल, तुम्हालाही.

या शनिवारी एक काम करा. गाडी ठणठणीत असतानाच बॉनेट उघडा. टर्मिनल हलवून बघा, अर्थिंगची पट्टी कुठे आहे ती शोधा आणि क्रँकचा निरोगी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. उद्या आवाज बदलला तर तुलना करायला काहीतरी हवं ना? डॉक्टरसुद्धा जुने रिपोर्ट मागतातच की.

पुढच्या आठवड्यात: एसी चालू, पण हवा गरम. गॅस खरंच संपलाय का, की संपलाय असं फक्त सांगितलंय? तोवर, हॅपी क्रँकिंग!